लॉगिन दीडशे, वापरणारे वीस

पत्र: आमच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन प्लॅटफॉर्म सुरू केला. त्यावर ४२ व्हिडिओ आहेत, प्रत्येक साधारण ४५ मिनिटांचा. आधी सर्वेक्षण घेतलं होतं, त्यात बहुतेकांनी ‘वापरायला नक्की आवडेल’ असं लिहिलं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी लॉगिन केलं. तिसऱ्या महिन्यात नियमित येणारे जेमतेम वीस उरलेत. बाकीचे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर आणि बाहेरच्या व्हिडिओंवर अभ्यास करतात. वरिष्ठ म्हणतात, ऑनलाइन हजेरी सक्तीची करा. करावी का? आणि मुलं ‘हो’ म्हणून नंतर असं का वागतात?
– एक सहयोगी प्राध्यापिका

नमस्कार मॅडम,

आधी सक्तीचा प्रश्न घेऊ. व्हिडिओ पाहण्याची हजेरी लावू नका. ती लावली की व्हिडिओ चालू राहतो, आवाज बंद असतो आणि विद्यार्थी शेजारच्या खिडकीत दुसरंच काही वाचत असतो. चौघांचे पासवर्ड एकाकडे जमा होतात. महिन्याभरात दीडशेच्या दीडशे नावांपुढे ‘पूर्ण’ अशी नोंद येईल, आणि कोण खरंच शिकतंय हे आज जेवढं कळतंय तेवढंही कळेनासं होईल. आत्ताचे वीस निदान खरे आहेत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होईल. सक्ती करण्याजोगी एक छोटी गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

सर्वेक्षणाने तुम्हाला चकवलं, पण मुलं खोटं बोलली नाहीत. ‘वापरायला आवडेल का?’ याला ‘हो’ म्हणायला काहीच खर्च येत नाही. खर्च येतो रात्री अकरा वाजता, उद्या इंटरनल, म्हणजे महाविद्यालयाची अंतर्गत परीक्षा, असते तेव्हा. हातात दोन तास असतात आणि काय उघडायचं ते ठरवायचं असतं. तुमच्या प्रश्नाने इरादा मोजला, वापर मोजला नाही.

नव्या तंत्रज्ञानाचा स्वीकार लोक का करतात यावर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेली चौकट आजही कामाची आहे. त्यांनी दोन समजुती वेगळ्या काढल्या: ‘याने माझं काम चांगलं होईल’ आणि ‘हे वापरायला मला फार त्रास पडणार नाही’. दोन्हींचा वापराशी संबंध होता, पण पहिलीचा दुसरीपेक्षा बराच घट्ट. अवघड पण उपयोगी गोष्ट लोक कुरकुरत का होईना वापरतात. सोपी पण निरुपयोगी गोष्ट निमूटपणे सोडून देतात. पुढे २००३ मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी आधीची आठ प्रतिमानं एकत्र करून मुख्य चार घटक सांगितले: कामगिरी सुधारेल ही अपेक्षा, पडणारे कष्ट, महत्त्वाच्या माणसांचं मत आणि आजूबाजूच्या सोयी. तुमचं घोडं चारही ठिकाणी थोडंथोडं अडलेलं दिसतं. सगळ्यात जास्त मात्र पहिल्याच ठिकाणी.

विद्यार्थ्याच्या बाजूने हिशेब करून पाहा. ४२ व्हिडिओ, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे १,८९० मिनिटं, साडेएकतीस तास. दीडपट वेगाने पाहिले तरी २१ तास. तेच लेक्चर त्याने वर्गात एकदा ऐकलेलं आहे. म्हणजे प्लॅटफॉर्म त्याला आधीच मिळालेल्या गोष्टीची दुसरी प्रत देतोय, आणि त्याच दिवसात शरीररचनाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्रही बसवायचंय. समोर सिनियरच्या नोट्स आहेत: पंचवीस पानं, कुठला प्रश्न कितीदा आला त्याच्या खुणांसकट. त्याने नोट्स उचलल्या तर त्याचं गणित चुकलं असं म्हणता येणार नाही.

व्हिडिओ ऑनलाइन आहे एवढ्याने शिकणं सुधारतही नाही. कुक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या इंटरनेट-शिक्षणावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. काहीच न शिकवण्यापेक्षा ऑनलाइन शिकवणं खूप सरस ठरलं. नेहमीच्या पद्धतीशी तुलना केली तेव्हा सरासरी फरक किरकोळ निघाला. त्यामुळे वर्गात, पुस्तकात आणि पीडीएफमध्ये मिळत नाही असं काय देता येईल, तिथून सुरू करा. आमच्या मते याचं सगळ्यात पक्कं उत्तर आहे सरावाचे प्रश्न आणि चुकल्याबरोबर मिळणारं स्पष्टीकरण. पीडीएफ उलटून विचारत नाही.

सगळ्या ४२ विषयांना हात घालू नका. गेल्या इंटरनलच्या उत्तरपत्रिकांवरून ज्यांत सर्वाधिक मुलं घसरली असे सहा विषय निवडा. प्रत्येकासाठी १८ प्रश्नांची पेढी करा. विद्यार्थी उघडेल तेव्हा त्यातले कुठलेही ६ समोर यावेत. एकूण १०८ प्रश्न झाले. पर्याय आणि स्पष्टीकरणासकट एका चांगल्या प्रश्नाला ३५ मिनिटं धरा, म्हणजे ६३ तास. विभागातल्या सहा जणांनी वाटून घेतलं तर प्रत्येकी साडेदहा तास. नवे व्हिडिओ चित्रित करण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

प्रश्न कसा हवा ते एका उदाहरणाने सांगतो. ताप असताना पळत आलेल्या माणसाच्या स्नायूंमध्ये ऑक्सिजन-हिमोग्लोबिन आलेख कुठे सरकेल आणि का? योग्य उत्तर: उजवीकडे, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो, म्हणून. आता चुकीचे पर्याय. ‘उजवीकडे, कारण २,३-बीपीजी कमी होतं’ हा पर्याय दिशा घोकून आलेल्याला पकडतो (लाल रक्तपेशींतला हा पदार्थ वाढला की आलेख उजवीकडे जातो, कमी झाला की नाही). ‘डावीकडे’ निवडणाऱ्याला तीन ओळींत सांगा की डावीकडे सरकणं म्हणजे ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणं, जसं गर्भाचं हिमोग्लोबिन करतं, आणि काम करणाऱ्या स्नायूला नेमकं याच्या उलट हवं असतं. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला स्वतःचं स्पष्टीकरण असायला हवं. ‘अधिक माहितीसाठी पाठ्यपुस्तक पाहा’ एवढंच लिहिलंत तर विद्यार्थी पाठ्यपुस्तकाकडे जाईल आणि परत येणार नाही.

या भागात बिघडतं ते उत्तरसूचीत. एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं नोंदवलेलं सापडलं की बातमी पूर्ण बॅचमध्ये फिरते आणि उरलेले १०७ प्रश्न संशयात येतात. म्हणून प्रश्न लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या शिक्षकाने सूची न पाहता पेपर सोडवावा; उत्तरं जुळली नाहीत तर एक तर सूची चुकली आहे किंवा प्रश्न संदिग्ध आहे. विद्यार्थ्याने चूक दाखवली तर दिवसभरात दुरुस्त करा आणि सगळ्यांना तसं कळवा. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे चाचणी एकदाच सोडवू देणं. ती सराव राहत नाही, परीक्षा होते, आणि मग मुलं ती ‘पूर्ण अभ्यास झाल्यावर’ म्हणून बाजूला ठेवतात. तो दिवस उजाडत नाही.

तेच प्रश्न २ दिवसांनी, मग ७ आणि २१ दिवसांनी पुन्हा समोर यावेत. याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की वाचलेला मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने, न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. यातली मेख अशी की पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना स्वतःच्या लक्षात राहण्याबद्दल जास्त खात्री वाटत होती. म्हणजे खरी उपयुक्तता आणि वाटणारी उपयुक्तता उलट दिशांना जाऊ शकतात, आणि प्लॅटफॉर्म उघडायचा की नाही हे वाटणारीवर ठरतं. त्यामुळे नुसतं ‘हे फायद्याचं आहे’ सांगून भागणार नाही. वर्गातच प्रयोग करा: अर्ध्यांना एक पान दोनदा वाचायला द्या, अर्ध्यांना एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहायला सांगा, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांची दहा गुणांची चाचणी घ्या. आकडे फळ्यावर लिहा.

आता व्हिडिओ. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतली ६९ लाख पाहण्याची सत्रं तपासून ग्वो, किम आणि रुबिन यांनी २०१४ मध्ये सांगितलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी सलग पाहण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नाही. तो अभ्यास वैद्यकीय विद्यार्थ्यांचा नव्हता, म्हणून सहा या आकड्याला चिकटून कात्री चालवू नका. एका तुकड्यात एकच प्रश्न सुटावा: ‘प्रीलोड वाढला की स्ट्रोक व्हॉल्यूमचं काय होतं?’ (म्हणजे ठोक्याआधी हृदय जास्त भरलं तर एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं) हेच त्याचं शीर्षक. ४५ मिनिटांच्या लेक्चरचे ६ ते ९ मिनिटांचे पाच-सहा तुकडे होतात. सुरुवातीचं स्वागत, ‘आवाज येतोय ना?’, आणि ‘मागच्या वेळी आपण पाहिलं’ हे सगळं कापा. निवडलेल्या सहा विषयांचेच तुकडे करा, बाकीचे आहेत तसे राहू द्या. आवाज घुमत असेल तर मात्र तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड करा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून. अंधुक चित्र मुलं चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही.

सोपेपणा दुय्यम आहे असं वर म्हटलं, पण तो दारावरचा पहारेकरी आहे. तो अडवतो तेव्हा आत काय ठेवलंय याला अर्थ राहत नाही. हे तपासायला सर्वेक्षण लागत नाही. पाच विद्यार्थ्यांना एकेक करून बोलवा. त्यांचा स्वतःचा फोन, त्यांचंच नेट, महाविद्यालयाचं वायफाय बंद. तीन कामं सांगा: हृदयचक्राचा तुकडा शोधून सुरू कर, त्याची चाचणी सोडव, काय चुकलं ते परत उघडून दाखव. तुम्ही शेजारी गप्प बसायचं, बोटानेही काही दाखवायचं नाही. प्रत्येक कामाला लागलेली मिनिटं आणि बोट किती वेळा टेकवावं लागलं ते टिपा. पहिल्या कामाला एका मिनिटाहून जास्त लागत असेल तर तिथे गळती आहे. बहुतेक वेळा सापडणाऱ्या गोष्टी अशा: दर वेळी नव्याने लॉगिन, पासवर्ड विसरला तर कार्यालयात अर्ज, ‘मॉड्यूल ३’, ‘युनिट २-अंतिम’ अशी नावं, फोनवर अर्धा पडदा व्यापणारा मेनू, चाचणी ‘मूल्यमापन’ नावाच्या वेगळ्याच कोपऱ्यात. नाव विषयाचंच असावं आणि चाचणी व्हिडिओच्या लगेच खाली.

हे मोजमाप आकड्यात हवं असेल तर जॉन ब्रुक यांची १९८६ मधली दहा विधानांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल वापरा. प्रत्येक विधानाला १ ते ५ मधलं उत्तर द्यायचं असतं. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरजेला २.५ ने गुणायचं. शंभरपैकी ६८ च्या आसपास सरासरी धरतात. हा आकडा टक्केवारी म्हणून वाचू नका, ही चूक फार होते.

डेटाचाही हिशेब करा. सेकंदाला १ मेगाबिट वेगाचा व्हिडिओ मिनिटाला साडेसात एमबी खातो. तुमचा एक व्हिडिओ ३३७ एमबी, सगळे मिळून १४ जीबी. स्थिर स्लाइड आणि आवाज यांना सेकंदाला ४०० किलोबिट पुरतात. मग आठ मिनिटांचा तुकडा २४ एमबीत बसतो. नुसता आवाज ६४ किलोबिटवर पूर्ण ४५ मिनिटांना साडेएकवीस एमबीच. उतरवून घेण्याची सोय द्या, कारण हॉस्टेलच्या खोलीत आणि वॉर्डच्या बाहेर नेटचा भरवसा नसतो. ईसीजी आणि ऊतींच्या स्लाइड मात्र दाबून छोट्या केलेल्या व्हिडिओत वाचताच येत नाहीत. त्या मोठ्या करून पाहता येतील अशा वेगळ्या चित्रांच्या रूपात ठेवा.

माणसांचं वजन या सगळ्याहून कमी नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘काय वाचू?’ हे सिनियरला विचारतो, विभागप्रमुखांना नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या आठ-दहा जणांना प्रश्नपेढी आधी सोडवायला द्या आणि ‘कुठला प्रश्न फालतू आहे?’ असं सरळ विचारा. ते नावं ठेवतील. ठेवू द्या, आणि त्यांनी सुचवलेले बदल त्यांना दिसू द्या. दुसरं माणूस म्हणजे वर्गात शिकवणारा शिक्षक. तो तीन महिन्यांत एकदाही प्लॅटफॉर्मचं नाव घेत नसेल तर मुलं योग्य तो अर्थ काढतात. लेक्चरची पहिली पाच मिनिटं यासाठी द्या: काल रात्रीच्या चाचणीत सर्वाधिक मुलं कुठल्या प्रश्नात चुकली, आणि कुठला पर्याय बहुतेकांनी निवडला. नाव कुणाचं घ्यायचं नाही.

व्हॉट्सॲपशी भांडू नका. रोज ठरल्या वेळी ग्रुपवर एक प्रश्न टाका आणि उत्तराची लिंक प्लॅटफॉर्मवर उघडू द्या. शंकांची जागा ठेवलीत तर ४८ तासांत उत्तर द्यायची जबाबदारी नावानिशी कुणाला तरी द्या; तीन शंका अनुत्तरित दिसल्या की चौथी कुणी लिहीत नाही. सहाध्यायांना नाव दिसणार नाही अशी सोय केली तर बावळट वाटणाऱ्या शंका येतात, आणि त्याच महत्त्वाच्या असतात.

ज्याच्याबद्दल मुलं बोलत नाहीत ती एक गोष्ट म्हणजे धास्ती. ‘मी किती वाजता लॉगिन केलं, किती वेळा चुकलो, हे मॅडमना दिसतं का? इंटरनलमध्ये धरतील का?’ पहिल्याच दिवशी लेखी सांगा: कोणती नोंद होते, कोण पाहतं, गुणांशी तिचा काय संबंध. गुणानुक्रमाचा तक्ता लावू नका. पहिले दहा त्यावर खूश होतात. शेवटचे पन्नास, ज्यांच्यासाठी हे खरं उभं केलं, ते पुन्हा उघडत नाहीत. पहिल्या विषयाची चाचणी जाणूनबुजून थोडी सोपी ठेवा. ‘हे मला जमतंय’ असं वाटणं हीच पुढच्या वेळी येण्याची अर्धी तयारी.

हाच प्लॅटफॉर्म क्लिनिकल वर्षांसाठी वाढवायचं मनात असेल तर एक सावधगिरी. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं ते माहीत असणं, करून दाखवणं, प्रत्यक्ष करणं. पडद्यावर खालच्या दोन चांगल्या होतात. वाढलेली प्लीहा हाताला कशी लागते ते पडदा शिकवत नाही, आणि तसा आव आणला की वॉर्डात जाणारे विद्यार्थी सगळ्यालाच नाक मुरडतात. त्यांना वॉर्डात शिरण्याआधीची दहा मिनिटं द्या: इयरफोन लावून हृदयाचे ध्वनी, तपासणीचा क्रम, रुग्णाच्या आजाराचा इतिहास विचारताना सुटणारे प्रश्न. आणि २०२० च्या महासाथीच्या काळातले वापराचे आकडे कुणी पुरावा म्हणून पुढे केले तर ते बाजूला ठेवा. तेव्हा वर्गच बंद होते. पर्याय नसताना केलेला वापर म्हणजे स्वीकार नव्हे.

आता ती छोटी सक्ती. लेक्चरच्या आदल्या दिवशी उघडणारी आणि लेक्चर सुरू होताना बंद होणारी ५ प्रश्नांची चाचणी ठेवा, सत्रात दहा वेळा. गुण सोडवण्याचे, बरोबर येण्याचे नाहीत. इंटरनलच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन नको. दहापैकी सर्वोत्तम आठ धरा, म्हणजे आजारपण किंवा नेट गेल्याच्या तक्रारी तुमच्या टेबलापर्यंत येणार नाहीत. व्यंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या त्याच अभ्यासात दिसलं होतं की बाहेरच्या दबावाचा परिणाम सक्तीच्या वातावरणात आणि सुरुवातीच्या काळातच जाणवतो, अनुभवाबरोबर तो ओसरतो. म्हणून हा धक्का सवय लागेपर्यंतच्या पहिल्या काही आठवड्यांपुरता समजा. त्यानंतर मुलं टिकली तर ती प्रश्नांमुळे टिकतील.

सहा आठवड्यांनी काय पाहायचं? लॉगिनची संख्या नाही. गुण नसलेल्या सरावचाचण्या किती जणांनी आपणहून सोडवल्या, आणि त्यातल्या कितींनी तीच चाचणी आठवड्याने पुन्हा उघडली, हे दोन आकडे. शिवाय न येणाऱ्या १३० पैकी सहा-सात जणांशी बोला. ‘आवडतं का?’ हा प्रश्न पुन्हा नको. विचारा: ‘मागच्या इंटरनलच्या आदल्या रात्री पहिल्यांदा काय उघडलंस? मग काय? ते का?’ घडलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की उत्तरं नेमकी येतात. यातून पुढे शोधनिबंध करायचा विचार असेल तर प्रत्येक घटकासाठी एक नव्हे, तीन-चार विधानं घ्या, आधी २०-३० जणांवर प्रश्नावली तपासा, नीतिसमितीची परवानगी आणि विद्यार्थ्यांची संमती घेऊन उत्तरं प्रत्यक्ष वापराच्या नोंदींशी जोडा. कारणही त्याच कागदावर आणि इरादाही त्याच कागदावर विचारला की दोन्हींचं नातं फुगून दिसतं.

आणि त्या वीस जणांना या आठवड्यातच भेटा. ते हुशार म्हणून येतात असं गृहीत धरू नका. लेक्चर बुडलेले, वर्गातला वेग न झेपणारे किंवा भाषेत अडखळणारे असू शकतात. तसं निघालं तर पहिल्या सहा विषयांच्या तुकड्यांना उपशीर्षकं आधी लावा, प्रश्नपेढीच्याही आधी.